गोष्ट तोंडी येते, वहीत येत नाही: पहिली-दुसरीच्या लेखनाविषयी एक प्रश्न

सत्तरीतली टीचर

नमस्कार. मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात आणि दोन्ही वर्ग माझ्याकडेच आहेत. मुलांची अक्षरओळख समाधानकारक आहे, फळ्यावरचा मजकूर ती वळणदार अक्षरांत वहीत उतरवतात आणि पालकही त्यावर खूश असतात. मात्र फळा पुसून ‘आता तुमच्या मनातल्या दोन ओळी लिहा’ असे सांगितले की पेन्सिली थांबतात. दुसरीतली काही मुले मग गायीवरच्या पाठ केलेल्या पाच ओळी लिहून मोकळी होतात. ज्यांच्या गोठ्यात खरोखरच गाय आहे, तीही त्याच पाच ओळी लिहितात.

हीच मुले मधल्या सुट्टीत बोलू लागली की ऐकत राहावे असे वाटते. गेल्या आठवड्यात दुसरीतला एक मुलगा कोकणीत सांगत होता: ‘रातीं कुळागरांत गवोरेडो आयिल्लो. आजान डबो वाजयलो, पूण तो वचूंक ना. मागीर आजीन उजो पेटयलो.’ (रात्री बागायतीत गवा आला होता. आजोबांनी डबा वाजवला, पण तो जाईना. मग आजीने आग पेटवली.) पुढे गव्याने कोणत्या केळी मोडल्या, कुत्रा कुठे लपला आणि सकाळी चिखलात केवढे पाऊल उमटले होते, हे सगळे त्याने हातवारे करून इतके नेटके सांगितले की भोवतीची मुले डबा खायचे विसरली. तासाभराने त्याच मुलाला तेच लिहायला सांगितले, तेव्हा त्याने ‘गवा आला’ एवढे दोन शब्द लिहिले आणि खाली गव्याचे चित्र काढून ठेवले.

मुलांना आधी गोष्ट सांगू द्यावी, शिक्षकाने ती लिहून घ्यावी आणि त्या वाटेने त्यांना लेखनाकडे न्यावे, असे एका प्रशिक्षणात ओझरते ऐकले होते. परंतु प्रत्यक्षात ते कसे करतात, हे तिथे कोणी सांगितले नाही. मुलाने सांगितलेले जसेच्या तसे लिहायचे की शुद्ध मराठीत, कोकणीत सांगितले तर काय करायचे, आणि दोन वर्ग एकत्र असताना एकेका मुलापाशी बसायला वेळ कुठून आणायचा, हे माझ्या मनातले प्रश्न आहेत. मी लिहून घेत राहिले, तर मुले स्वतः लिहायचीच नाहीत, अशी भीतीही वाटते. ज्यांनी हे वर्गात केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डिचोलीचे निवृत्त मास्तर

टीचर, तुमच्या त्या मुलाने ‘गवा आला’ एवढेच का लिहिले, याचे उत्तर मिळाले की पुढची वाट सापडते. लिहिताना मुलाला एकाच वेळी दोन कामे करावी लागतात. पूर्ण वाक्य मनात धरून ठेवावे लागते आणि त्याच वेळी अक्षराचे वळण, काना, मात्रा, वेलांटी यांत लक्ष घालावे लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात इतका सावकाश चालतो की ‘कुळागरात’ लिहून होईपर्यंत वाक्याचा पुढचा भाग मनातून निसटलेला असतो. फळ्यावरून उतरवताना वाक्य समोर तयार असते, म्हणून तिथे मूल अडत नाही. आणि गोष्ट सांगताना हाताला काम नसते, म्हणून तिथेही अडत नाही. दोन्ही कामे एकत्र आली की ते सर्वांत लहान वाक्य निवडते आणि सुटका करून घेते. म्हणून आरंभी ही कामे वाटून घ्यावीत. वाक्य मुलाचे, हात आपला.

लिहून घेण्याचीही एक रीत आहे. मुलाच्या समोर न बसता शेजारी बसावे, म्हणजे आपला हात डावीकडून उजवीकडे कसा सरकतो, शब्द संपल्यावर कशी जागा सुटते आणि शिरोरेषा केव्हा ओढली जाते, हे त्याला सरळ दिसते. प्रत्येक शब्द लिहिताना तो सावकाश उच्चारावा. एका पानापेक्षा अधिक लिहू नये. शिकागोतील बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी मुलांच्या तोंडच्या गोष्टी लिहून घेऊन त्याच दिवशी वर्गात त्यांचे नाटक करवून घेण्याची पद्धत अनेक वर्षे चालवली आणि एका पानाची मर्यादा त्यांनीही ठेवली होती. गोष्ट पूर्ण झाली की शब्दाखाली बोट ठेवत ती मुलाला वाचून दाखवावी आणि ‘असेच म्हणायचे होते ना?’ एवढेच विचारावे. शेवटी नाव त्याने स्वतः घालावे.

या बैठकीत जे घडते, ते एका उदाहरणाने सांगतो. पहिलीतील एक मुलगी मला आपल्या मांजरीची गोष्ट सांगत होती आणि नेहमीच्या वेगाने, श्वास न घेता सांगत होती. मी पहिलेच वाक्य लिहीत होतो आणि ती बोक्यापर्यंत पोहोचली होती. मी काही बोललो नाही, नुसता लिहीत राहिलो. तिने माझ्या पेन्सिलीकडे पाहिले आणि ती थांबली. पेन्सिल उचलली गेल्यावर तिने पुढचे वाक्य सांगितले, तेही तुकड्या-तुकड्याने: ‘मग बोका… माळ्यावरून… खाली आला.’ पेन्सिल धरण्याआधीच ती लिहिण्याच्या वेगाने बोलायला शिकली होती. मोठेपणी आपण मनातल्या मनात स्वतःला जे सांगत लिहितो, त्याची ही सुरुवात आहे. पुढे ती गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा प्रत्येक वाक्याच्या आरंभी आलेला ‘मग’ ऐकून तीच हसली आणि ‘ह्यातले दोन काढा’ म्हणाली. पाच वर्षांच्या नोकरीतील काही कारकूनही इतके संपादन करीत नाहीत.

मुले स्वतः लिहायचीच नाहीत, ही तुमची भीती खरी ठरू शकते, पण हात कायमचा आपणच चालवला तर. म्हणून पेन्सिल हळूहळू मुलाकडे सरकवत न्यावी. आरंभी गोष्टीतला त्याच्या आवडीचा एक शब्द तेवढा मोकळा सोडावा आणि तो त्याला भरू द्यावा. ‘गवा’ हा शब्द तुमचा मुलगा आनंदाने भरेल, कारण तो त्याला येतो. मग शेवटचे वाक्य त्याच्याकडे द्यावे, नंतर एकाआड एक वाक्य. एखाद्या दिवशी मूल स्वतःच ‘आज मी लिहितो, तुम्ही बघा’ म्हणते. तो दिवस कोणत्या मुलाच्या वाट्याला केव्हा येईल, हे सांगता येत नाही आणि त्यासाठी घाईही करू नये.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हा गोष्ट ही वर्गाची मुख्य गोडी होती, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्या पाड्यातून आणि त्यांच्या बोलण्यातून उभे केले. आपण गिजुभाईंच्या जयंतीला भाषणे करतो आणि दुसऱ्या दिवशी गायीवरच्या पाच ओळी पाठ करायला देतो.

फोंडा बालवाडी

मास्तरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु एका बाबतीत सावध करावेसे वाटते. गोष्ट सांगितल्याने वाक्य तयार होते. वेलांटी तयार होत नाही. गोष्टीतूनच सर्व काही आपोआप येईल असे मानून अक्षरांचा सराव सोडून दिलेले वर्ग मी पाहिले आहेत आणि तिथली मुले तिसरीत गेल्यावर फार अडचणीत येतात. हाताचा सराव रोज व्हावा, पण वेगळ्या वेळी, थोडा वेळ आणि वाक्याचे ओझे न देता.

देवनागरीची स्वतःची काही कोडी आहेत. ‘पिल्लू’ म्हणताना मुलाला आधी प ऐकू येतो आणि मग इ, परंतु लिहिताना ऱ्हस्व वेलांटी प-च्या आधी काढावी लागते. म्हणून कित्येक मुले आधी प काढून मग मागे वळून वेलांटी अडकवतात आणि तिला जागा न उरल्यामुळे ती मागच्या अक्षरावर चढते. अनुस्वार बराच काळ गळतो. सुरुवातीला मुले शब्दातील व्यंजने तेवढी धरतात आणि मात्रा सोडतात, त्यामुळे ‘कोंबडा’चा ‘कबड’ होतो, पुढे ‘कोबडा’ होतो आणि शेवटी टिंब येऊन बसते. ‘कबड’ लिहिणाऱ्या मुलाला तीन आवाज क्रमाने ऐकू आले आहेत, हे त्याच्या चुकीतच दिसते. तिथे लाल शाईने फुली मारली, तर ते पुढच्या वेळी कोंबड्याऐवजी ‘बदक’ लिहील, कारण बदकाला मात्रा नाही. मी अशा वेळी मुलाला जे म्हणायचे होते, तेच पूर्ण वाचून दाखवते, एकच गोष्ट निवडते, उदाहरणार्थ काना, आणि ती खाली स्वच्छ लिहून ठेवते. बाकीचे त्या दिवशी दिसलेच नाही असे धरते.

आता वेळेबद्दल. दोन वर्ग एकत्र असताना रोज प्रत्येक मुलाची गोष्ट लिहून घेणे अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. एका दिवशी दोघांची किंवा तिघांची घ्यावी, भिंतीवर नावांचा क्रम लावून ठेवावा आणि तो कोणासाठीही मोडू नये. आपली पाळी ठरलेली आहे हे कळले की मुले आपली गोष्ट दोन-तीन दिवस मनात घोळवत राहतात, आणि ते घोळवणे हाही लेखनाचाच भाग आहे. दुसरीतील ज्या मुलांना बऱ्यापैकी लिहिता येते, त्यांनी पहिलीतील मुलांची गोष्ट लिहून घ्यावी. यात लिहिणाऱ्याचा फायदा अधिक होतो, कारण दुसऱ्याचे वाक्य मध्येच सोयीसाठी तोडता येत नाही. सांगणारे मूल लगेच हरकत घेते.

आठवड्यातून एकदा सगळ्या वर्गाची मिळून एक गोष्ट चार्ट पेपरवर घ्यावी. त्यासाठी सर्वांनी पाहिलेला प्रसंग लागतो आणि आपल्या गावांत त्यांना तोटा नाही. आमच्या बाजूला पौष अमावास्येला खाजन शेतांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतांच्या, परिसरात चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, ती मानगे थापणी. ती मुले लहानपणापासून पाहतात, तरी मगरीच्या पाठीवर खवले कशाचे केले होते यावर वर्गात भांडण होते. त्या भांडणातून जी वाक्ये निघतात, तीच मी लिहिते: ‘पाठीवर तिस्ऱ्यांच्या शिंपल्या लावल्या.’ ‘नाही, आमच्याकडे खुब्यांच्या लावल्या.’ दोन्ही वाक्ये चार्टवर राहतात आणि दोन्हींसमोर सांगणाऱ्याचे नाव असते. दुसऱ्या दिवशी चार्ट वाचताना प्रत्येक मूल आपले वाक्य नेमके ओळखते, जरी त्यातली निम्मी अक्षरे त्याला अजून येत नसली तरी.

बालवाडीतल्या मुलांच्या हाती मात्र या कारणासाठीही पेन्सिल लादू नये. तिथे सांगणे, नाटक करणे, चित्र काढणे आणि मातीत बोटाने रेघा मारणे पुरेसे आहे.

काणकोणकर

कोकणीच्या प्रश्नाला वरच्या दोघांनीही बगल दिली आहे, म्हणून त्यावर लिहितो. मुलाने कोकणीत सांगितले, तर कोकणीतच लिहून घ्यावे. ‘आजीन उजो पेटयलो’ असे मूल म्हणते आणि कागदावर ‘आजीने आग पेटवली’ असे उमटते, तेव्हा बोललेले आणि लिहिलेले एकच असते, ही जी गोष्ट आपण त्याला दाखवू पाहतो, नेमकी तीच खोटी ठरते. मूल बोट ठेवून वाचू लागले की प्रत्येक शब्दाला अडखळते, आणि मग शिक्षक म्हणतात की मुलाला वाचता येत नाही.

आपल्या राज्यात यासाठी तांत्रिक अडचणही नाही. 1987 च्या राजभाषा कायद्यातील कोकणी देवनागरीतच आहे, त्यामुळे मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलासाठी दोन्हींची अक्षरे एकच आहेत. कोकणी की मराठी, हा राजभाषेचा जुना वाद पहिलीच्या वर्गात आणण्याचे कारण नाही. तो मोठ्यांसाठी राखून ठेवलेला बरा.

मराठीकडे जायचे ते दुसऱ्या कागदावर. पहिल्या कागदावर मुलाची गोष्ट त्याच्या बोलीत राहू द्यावी. एक-दोन दिवसांनी तीच गोष्ट वर्गाला मराठीत सांगायला त्याला सांगावे, अडेल तिथे वर्गाने मदत करावी आणि ते मराठी सांगणे झाल्यावरच दुसरा कागद लिहावा. मधले तोंडी सांगणे गाळून थेट कागदावरून कागदावर भाषांतर करून घेतले, तर ते पुन्हा फळ्यावरून उतरवण्यासारखेच होते. दोन्ही कागद एकाशेजारी एक लावले की कोकणीतले ‘घरांत’ आणि मराठीतले ‘घरात’ यांच्यातला फरक मुलांच्या नजरेत आपोआप भरतो आणि त्याबद्दल वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

एखादे मूल कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातले असेल आणि टीचरांना ती भाषा येत नसेल, तर त्याने हातवाऱ्यांनी आणि येतील तेवढ्या शब्दांनी सांगावे, त्याच्या मित्राने ते पुरे करावे, आणि त्याच्या भाषेतली नावे, हाका आणि आवाज देवनागरीत तसेच ठेवावेत. कोंबडा प्रत्येक भाषेत वेगळा आरवतो, हे वर्गाला फार आवडते.

म्हापशाची आई

मी शिक्षिका नाही, पण घरी जे करते ते सांगते. माझी मुलगी आजीला फोनवर आवाजी संदेश पाठवते. पाठवून झाला की आम्ही दोघी तो परत ऐकतो आणि त्यातले तिला आवडलेले एक वाक्य वहीत लिहितो. वाक्य थांबवून पुन्हा पुन्हा ऐकता येते, त्यामुळे ते मनातून निसटत नाही. अर्धे ती लिहिते आणि अर्धे मी. फोनमध्ये बोलून आपोआप टंकित होण्याची सोय आहे, परंतु ती वापरून पाहिली तेव्हा अक्षरे एकदम उगवली आणि तिला कशाचेच काही वाटले नाही. हात चालताना दिसला पाहिजे, असे मास्तरांनी लिहिले आहे ते मला पटते.

सत्तरीतली टीचर

सर्वांचे मनापासून आभार. पहिला आणि दुसरा कागद ही कल्पना मी उद्यापासूनच घेते, कारण आतापर्यंत मुले कोकणीत सांगत असताना मी मनातल्या मनात मराठी करूनच ऐकत होते. आणखी दोन शंका आहेत. वर्गात एक मुलगी आहे, जी बोलतच नाही. विचारले की मान हलवते. तिची गोष्ट कशी घ्यावी? आणि तपासणीला अधिकारी आले आणि वहीत ‘कबड’ दिसले, तर त्यांना काय सांगावे?

डिचोलीचे निवृत्त मास्तर

न बोलणाऱ्या मुलीला गोष्ट विचारू नका, तिला दुसऱ्यांच्या गोष्टीत घ्या. लिहून घेतलेल्या गोष्टीचे नाटक वर्गाच्या मधल्या जागेत करवून घ्याल, तेव्हा ‘गवा कोण होणार?’ असे विचारून तिच्याकडे पाहा. गव्याला एक शब्दही बोलावा लागत नाही, फक्त केळी मोडाव्या लागतात. आजोबा डबा वाजवतील, कुत्रा पळेल आणि तिच्यामुळे सगळे नाटक घडेल. त्यानंतर तिने एखादे चित्र काढले, तर ‘हे काय आहे?’ असे न विचारता नुसते शेजारी बसा. तिने बोट दाखवून एखादा शब्द उच्चारला, तर तेवढाच चित्राखाली लिहा. तीच तिची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलाला आतून हवा असलेला एकेक शब्द विचारून कार्डावर लिहून देत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही, तर तो शब्द त्याला मनापासून हवा नव्हता असे समजून कार्ड काढून टाकत.

फोंडा बालवाडी

अधिकाऱ्यांची चिंता करू नका. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मौखिक भाषा, शब्दओळख, वाचन आणि लेखन या चारही कामांना रोजच्या भाषावर्गात जागा दिलेली आहे, आणि जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचाही भर समजून वाचण्या-लिहिण्यावरच आहे. तरीही वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे असते. प्रत्येक मुलाची एक फाइल करा, प्रत्येक कागदावर तारीख घाला आणि कोणते शब्द मुलाने लिहिले व कोणते तुम्ही, हे ओळखू यावे म्हणून त्याची पेन्सिल आणि तुमचे निळे पेन असे ठरवून घ्या. जूनच्या कागदावर सगळे निळे असेल आणि दिवाळीनंतरच्या कागदावर निळे कमी होत गेलेले दिसेल. हस्ताक्षराची वही वेगळी ठेवा, म्हणजे ज्यांना वळण पाहायचे आहे त्यांना तीही देता येते.

पालकांना कागद घरी न्यायचा असतो आणि तो द्यावाही, कारण आजोबांनी गव्याची गोष्ट वाचली की दुसऱ्या दिवशी मूल त्यातली राहिलेली हकीकत घेऊन येते. फक्त देण्यापूर्वी झेरॉक्स काढून ठेवा. घरी गेलेला कागद परत येत नाही.